आरसा गेला, बुरशी राहिली

जून लागला की शनिवार-रविवारी कर्जतच्या दहिवलीत छत्र्यांपेक्षा कॅमेरे जास्त येतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या उल्हासच्या काठाला लागतात आणि माणसं चिखलात पाय टाकायच्या आधी लेन्सची टोपणं काढतात. एखादं लग्न ठरलेलं जोडपं प्री-वेडिंगला आलेलं असतं. तिच्या गाऊनचा घेर दोन पोरं उचलून धरतात, तो सुटाबुटात घामाघूम होऊन हसतो, आणि त्या दोघांचं प्रेम नीट टिपता यावं म्हणून फोटोग्राफर स्वतः चिखलात आडवा होतो. मागे आमची भातखाचरं आणि शेजाऱ्यांची म्हैस. ती म्हैस आजवर इतक्या लग्नांच्या अल्बमांत गेली आहे की तिला एव्हाना आहेर सुरू व्हायला हवा होता. बोरिवलीतल्या कुठल्या तरी दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेल्या फोटोत मागे दोरीवर वाळणारा टॉवेल माझा असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लोक ज्या गावात सुट्टीला येतात त्या गावात राहणाऱ्याला सुट्टी नसते, पाहुणे असतात. पाहुण्यांना कोंढाण्याची लेणी बघायची असतात, भिवपुरीच्या धबधब्याखाली उभं राहायचं असतं, माथेरानला जायचं असतं, आणि 'तू जरा फोटो काढ' हे काम यजमानाकडे असतं. त्यामुळे घरचा फोटो आणि सहलीचा फोटो असा भेद आमच्याकडे उरलेला नाही. एकाच फोटोत आत्या असते, धबधबा असतो आणि आत्याची वाहून चाललेली चप्पलही असते.

कॅमेरा घ्यायचा ठराव मात्र धबधब्यामुळे नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे झाला. मुलगी कोळीनृत्यात तिसऱ्या रांगेत होती. आम्ही सभागृहात मागून चौथ्या रांगेत. अंगठा आणि तर्जनी फाकवून मोबाईलवर जेवढं मोठं करता येईल तेवढं केलं, तेव्हा पडद्यावर हिरव्या लुगड्यातला एक ठिपका आला. आईनं तो ठिपका लगेच ओळखला, त्याची दृष्ट काढायची असंही ठरवलं. तो ठिपका दुसऱ्याच्या मुलीचा निघाला.

मोबाईलची यात चूक नाही. महागड्या मोबाईलच्या मुख्य लेन्समागचा सेन्सर सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि झूमच्या लेन्समागचा त्याहून लहान असतो. एपीएस-सी नावाचा जो मधला सेन्सर बहुतेक घरगुती मिररलेस कॅमेऱ्यांत असतो, तो साडेतीनशेच्या आसपास जातो. फुल फ्रेम म्हणजे छत्तीस बाय चोवीस, ८६४ चौरस मिलिमीटर. अंधाऱ्या सभागृहात जेवढी जागा जास्त तेवढा प्रकाश जास्त. उन्हातल्या आत्याला मोबाईल पुरतो. ट्यूबलाइटखालची, नाचणारी, तिसऱ्या रांगेतली मुलगी त्याला झेपत नाही, मग तो अंदाजानं रंगवून देतो आणि सगळ्या कोळणी सारख्याच गोऱ्या दिसतात.

ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लावून ती बोरघाट चढवतात, त्या बँकर इंजिनांवर त्यांची नोकरी गेली, म्हणजे सरली. त्यांच्याकडे कपाटात एक याशिका आहे आणि तिच्याबद्दलची मतंही तिच्याइतकीच जुनी आहेत.

"आरसा नाही म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि डोळ्याला दिसतो. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो आणि प्रकाश मागे फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये ही उठाठेव नाही. प्रकाश सरळ सेन्सरवर, आणि सेन्सरला जे दिसतं तेच डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर.

काका विचारात पडले. "म्हणजे बँकर काढून टाकला म्हणा की. सपाटीला ठीक आहे."

त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता की गाडी घाट चढून कधीच पलीकडे गेली. पॅनासॉनिकनं लेन्स बदलता येणारा पहिला मिररलेस जी-१ काढला तो २००८ साली. सोनीनं २०१३ मध्ये ए-सेव्हन आणून त्यात फुल फ्रेम बसवली. कॅनन आणि निकॉन बराच काळ एका पायावर उभे होते, ते २०१८ मध्ये फुल फ्रेम घेऊन दोन्ही पायांनी उतरले, आणि २०२० नंतर दोघांनीही आरशाचा नवा कॅमेरा काढलेला नाही. काकांचा खरा आक्षेप मात्र आवाजाचा होता. माझ्या मेहुण्याच्या कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो काढला होता, आवाज बंद ठेवून.

"काढ की," काका म्हणाले.

"काढला."

"मग वाजला का नाही?"

तो फोटो निघाला आहे हे काकांनी अजूनही मान्य केलेलं नाही. एका बाबतीत ते नकळत बरोबर आहेत. आवाज पूर्ण बंद केला की बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचा पडदा न हलता सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि स्टेजच्या एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. स्नेहसंमेलनात कॅमेरा वाजलेलाच बरा. तिथे तसंही कोणाला काही ऐकू येत नाही.

मेहुणा पुण्याचा. त्याच्याकडे फुल फ्रेम आहे. त्याची लेन्स पाहिली की आधी वाटतं कोणी बंबच घेऊन आलं. त्याचं म्हणणं, घ्यायचा तर एकदाच घ्यावा, नाहीतर घेऊ नये. एपीएस-सी घेतला तर प्रत्येक लेन्सच्या आकड्याला दीडनं गुणावं लागतं, कॅननमध्ये एक पूर्णांक सहा दशांशानं, मायक्रो फोर थर्ड्समध्ये दोननं, आणि असं आयुष्यभर गुणत बसण्यात काय मजा आहे? हे तो इतक्या कळवळ्यानं सांगतो की ऐकणाऱ्याला कर्ज काढावंसं वाटतं. त्याचे फोटो खरोखर सुंदर असतात. खंड्या आहे, धनेश आहे, भिगवणचे रोहित आहेत. पिसाचा केसन् केस मोजून घ्यावा. फक्त त्यात माणूस सापडत नाही. त्याच्या स्वतःच्या मुलांचे फोटो त्याच्या बायकोनं मोबाईलवर काढलेले आहेत. तेच घरात लावलेले आहेत.

दुसरं विद्यापीठ म्हणजे सकाळची लोकल. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर, आणि एवढ्या वेळात पीएचडीचा प्रबंध वाचून होतो. बदलापूरपर्यंत सेन्सर, डोंबिवलीपर्यंत लेन्स, ठाण्याला भांडण. कॅननवाले म्हणतात, माणसाच्या कातडीचा रंग आमच्याकडेच. सोनीवाले म्हणतात, आमच्या लेन्स बाजारात सर्वांत जास्त, दुसऱ्या कंपन्यांच्याही बसतात. निकॉनवाला फक्त पकड दाखवतो. रिकामा हात हवेत धरून दाखवतो, कारण कॅमेरा घरी असतो. फुजीवाला बोलत नाही. तो खिडकीबाहेर बघत असतो आणि त्याच्या मनात सगळं जुन्या फिल्मच्या रंगात चाललेलं असतं. या चर्चेत मी कधी कोणाच्या तोंडून मुलाचं, बायकोचं किंवा आईचं नाव ऐकलं नाही. एकानं एकदा पाळलेल्या मांजराचा उल्लेख केला होता, तोही मांजराच्या डोळ्यावर फोकस बसतो एवढ्यापुरता.

आता त्या डोळ्याबद्दल. नव्या मिररलेसची सगळ्यात मोठी करामत हीच. चौकटीत माणूस आला की कॅमेरा त्याचा चेहरा हेरतो, चेहऱ्यातला डोळा हेरतो आणि त्याला धरून ठेवतो. पळणाऱ्या पोरासाठी याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही, आणि ती अगदी स्वस्तातल्या कॅमेऱ्यांतही आता येते. पण हे यंत्र जपानी आहे. आपल्या तालुक्यात चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर असतात हे त्याला ठाऊक नाही. मेहुण्याचा कॅमेरा घेऊन मी मुलीचा सायकलवरचा फोटो काढत होतो. कॅमेऱ्यानं चौकट फिरवली, थोडा विचार केला, आणि मुलीच्या मागे बारा फुटी बॅनरवर हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकाच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसला. मुलगी धूसर, सायकल धूसर, भावी नगरसेवकाच्या गॉगलची काडी मात्र सुईसारखी स्पष्ट. खाली शुभेच्छुकांचे बत्तीस चेहरे होते, त्यांतही तो एकेकाला भेटून आला. यावर उपाय आहे. पडद्यावर बोट ठेवून हवा तो चेहरा निवडता येतो. म्हणून स्पर्शानं चालणारा पडदा हवाच, निदान आचारसंहिता नसेल तेव्हा.

पैशाचा विषय निघाला तेव्हा मी घरी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. घरी आल्यावर काय टिपलं, तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते. म्हणजे घरगुतीच.

"अहो, त्यांनी पुढच्या वर्षी राजा हरिश्चंद्र काढला," बायको म्हणाली. "तुम्ही भावाच्या खंड्याशी स्पर्धा करणार. आणि सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडून द्यायच्या, युनिटचा स्वयंपाक करायच्या. मी कार्डसुद्धा बदलून देणार नाही, आत्ताच सांगते."

विम्याचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर निवड तिनं हातात घेतली आणि मग ती खरोखर कॅमेऱ्याची निवड झाली. आम्ही फोर्टात बोरा बाजारला गेलो. मुंबईत कॅमेऱ्याचं दुकान म्हटलं की पिढ्यान् पिढ्या हाच रस्ता. काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे बघून मेगापिक्सेल सुरू केले. तिनं त्याला थांबवलं आणि विचारलं, "एका हातानं पोर धरून हा दुसऱ्या हातानं चालवता येतो का?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसावा. पण मुलगा हुशार होता. त्यानं दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक फुल फ्रेम, त्याला चोवीस-सत्तरची एफ २.८ लेन्स; दोन्ही मिळून सव्वा किलोच्या वर. दुसरा छोटा एपीएस-सी, कॅननचा आर-५०, सोबतच्या अठरा-पंचेचाळीसच्या लेन्ससकट अर्धा किलो. तिनं दोन्ही आळीपाळीनं गळ्यात अडकवले आणि दुकानात फेऱ्या मारल्या. माथेरानला दस्तुरी नाक्याला गाडी सोडावी लागते, पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चाल, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, डबे, पाहुण्यांची काढलेली स्वेटरं. त्यात पाऊण किलोचा फरक काय असतो हे लोकलमधल्या एकाही विद्वानानं सांगितलं नव्हतं. फुल फ्रेम तिनं काउंटरवर ठेवला, जपून, पण कायमचा.

मग व्ह्यूफाइंडरची बारी. काही छोट्या कॅमेऱ्यांना डोळा लावायची खिडकीच नसते, निकॉनच्या झेड-३० ला नाही, सोनीच्या झेडव्ही-ई १० ला नाही. व्हिडिओ करणाऱ्यांना चालतं. पण तारकर्लीच्या किनाऱ्यावर दुपारी पडद्यावर फक्त आपलंच तोंड दिसतं, तेही वैतागलेलं. शिवाय आम्हा दोघांना चाळीशी लागली आहे. मुलानं व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं बारीकसं चाक दाखवलं. ते फिरवून डोळ्याच्या नंबराशी जुळवलं की चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. तिनं चष्मा काढला, चाक फिरवलं, रस्त्यापलीकडची पाटी मोठ्यानं वाचली. सेन्सर, मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, या कशावरही तिनं पुढे एक शब्द विचारला नाही. सौदा त्या चाकावर झाला.

मी लेन्सबद्दल बोलून घेतलं. सोबत मिळणारी झूम लेन्स उजेडात उत्तम, पण पूर्ण पुढे नेली की तिचं भोक एफ ६.३ पर्यंत आक्रसतं. पन्नासची एफ १.८ लेन्स त्याच्या बारापट प्रकाश घेते. छोट्या सेन्सरवर ती ऐंशीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांना बरोबर. स्नेहसंमेलनाला हीच लेन्स लावायची आणि पुढच्या रांगेत जागा धरायला आईला तासभर आधी पाठवायचं. दूरच्या लेन्सवर पैसे घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि आईला आवडतं.

बिलाचं एक वेगळंच नाट्य असतं. त्याच रस्त्यावर तोच कॅमेरा 'बिलाशिवाय' स्वस्त मिळतो. २०१९ च्या जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यावर अठरा टक्के जीएसटी आहे, त्याआधी अठ्ठावीस होता. तो वाचतो असं दिसतं. पण तो माल बाहेरून आलेला असेल तर इथली वॉरंटी त्याला लागत नाही. एका दुकानात मी विचारलं, बिघडला तर? मालक म्हणाले, "बिघडत नाही साहेब." ही वॉरंटी तोंडी असते आणि मालक दुपारी जेवायला गेले की संपते. पक्कं बिल घ्या. आणि सोबत फुकट मिळणारी तिपाई घरी विसरून या. ती स्वतः उभी राहत नाही, कॅमेरा काय धरणार.

फोटो घरात राहिले पाहिजेत, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या पेटीवर छापलेली नसते. २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी चढलं, तेव्हा ज्यांच्या घरात ते शिरलं त्यांचे कपडे वाळले, अल्बम वाळले नाहीत. ओले फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की चेहरेच निघून येतात. आता फोटो कार्डात असतात, म्हणून पाणी त्यांना ओळखत नाही असं थोडंच आहे! एक प्रत घरी, एक गावाबाहेर. आमची गावाबाहेरची प्रत पुण्याला मेहुण्याकडे ठेवली आहे. त्याच्या डिस्कवर आता माणसांचेही फोटो आहेत.

आणि बुरशी. लोकलमधल्या चर्चेत हिचं नाव कधीच निघत नाही, कारण डोंबिवलीच्या पुढे उतरणाऱ्यांना आमचा श्रावण माहीत नसतो. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, कर्जत-३, कर्जत-७ अशी वाणं तिथे तयार झाली, ते काही इथली हवा कोरडी आहे म्हणून नाही. जुलैत आमच्याकडे पापड हातात घेतला तर तो दुमडतो. माचीस पेटत नाही, पासबुकाला वास येतो, आणि हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिला की लेन्सच्या आत, दोन भिंगांच्या मध्ये बुरशी धरते. ती धुळीवर जगते, भिंगावरचा लेप खाते, आणि फार मुरली तर काचेवर कायमची नक्षी ठेवून जाते. काकांची याशिका मी उजेडासमोर धरून पाहिली आहे. चामडी केसमध्ये, कपाटात, तीस पावसाळे 'जपून' ठेवलेली. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं झाड पसरलं आहे, बारीक फांद्यांसकट. चामडं पाणी धरतं आणि बंद कपाट ते सुटू देत नाही, एवढंच कारण. काका म्हणतात, त्यानं फोटोला मऊपणा येतो.

भर पावसात फोटो काढायचाच असेल तर पाण्याला बंद असलेली बांधणी लागते. ओएम सिस्टीमच्या ओएम-५ ला आयपी ५३ असं मानांकन आहे, म्हणजे शिंतोडे आणि धूळ त्याला चालतात. आमच्यासारख्या स्वस्त कॅमेऱ्याला नाही. भिवपुरीच्या धबधब्याखाली आम्ही मोबाईलच नेतो, आणि तो नेतानाही आत्याच्या चपलेची आठवण ठेवतो.

तर तुम्ही आमच्यासारखे असाल, म्हणजे घरात पळणारं पोर, वर्षातून दोन सहली, बाराही महिने पाहुणे आणि चार महिने पाऊस, तर माझं मत असं. व्ह्यूफाइंडर असलेला, स्पर्शाचा पडदा असलेला छोटा एपीएस-सी कॅमेरा घ्या. कंपनी कोणतीही, जी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात बसेल ती. दुसऱ्या माणसाला दुकानात घेऊन जाच, कारण कॅमेरा फक्त तुम्हालाच चालवता आला तर पुढच्या दहा वर्षांच्या फोटोंत तुम्ही नसाल. सोबतची झूम आणि एक एफ १.८ ची लेन्स, बस. फोटो मोबाईलवर पाठवायचं ॲप पहिल्याच दिवशी जोडून घ्या. संध्याकाळच्या चहापर्यंत फोटो ग्रुपवर आला नाही तर आत्या मोबाईलवाल्यालाच चांगला फोटोग्राफर म्हणते. तिपाईसाठी जे पैसे लावणार होतात त्यातून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, दमटपणा दाखवणारं काट्याचं छोटं घड्याळ आणि सिलिका जेल आणा, आणि काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवा. बुटांच्या खोक्यातून निघालेल्या जुन्या पुड्या टाकू नका, त्यांनी त्यांच्या वाट्याचं पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं. रंग बदलणारे दाणे घ्या. रंग उतरला की तापवून पुन्हा वापरता येतात. फक्त निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा ते स्वयंपाकाच्या कढईत तापवायचे नाहीत. हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर कढईही जाईल आणि कॅमेराही.